पीसी, अँड्रॉइड आणि स्विच एकदम केलं तर गेमचा दर्जा घसरतो का?

प्रश्न साताऱ्याच्या तिघांच्या टीमचा आहे. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी स्टेल्थ (लपतछपत खेळायचा) गेम करतायत. शिवकाळातला एक नजरबाज (हेर) रात्री कासच्या पठारावरून निघतो आणि पहारे चुकवत अजिंक्यताऱ्याच्या तटापर्यंत पोचतो. पीसी, अँड्रॉइड आणि निन्टेन्डो स्विच (हातातही खेळता येणारा कन्सोल), तिन्हीवर एकाच दिवशी काढायचा बेत आहे. एकाचं म्हणणं, मोबाइलचा विचार करत बसलो तर पीसीवरचा गेम भिकार होईल. दुसऱ्याचं म्हणणं, युनिटी सगळीकडे बिल्ड (त्या यंत्रावर चालणारी तयार फाइल) देते, मग अडचण कसली?

युनिटी बिल्ड देते हे खरंच आहे. पण ती फाइल त्या यंत्रावर सुरू होईल, एवढीच हमी त्यात असते. आणि मोबाइलमुळे पीसीवरचा गेम बिघडतोच असंही नाही. गेममधल्या काही गोष्टी यंत्र बघून कमी-जास्त करता येतात: रिझोल्यूशन, सावल्या, टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं), लांबच्या झाडांचा तपशील, धूर-धुकं. यांना मी सैल गोष्टी म्हणतो. काही गोष्टी मात्र सगळीकडे सारख्याच ठेवाव्या लागतात: पहारेकरी किती आणि ते किती हुशार, उडी किती उंच, लेव्हल केवढी, खेळाडूला एका वेळी किती कृती करायच्या, सेव्ह कधी होतो. या पक्क्या. पक्क्या गोष्टी ताकदवान पीसीवर बसून ठरवायच्या आणि वर्षभराने फोनवर कोंबायच्या, इथे दर्जा मरतो. त्या सगळ्यात अशक्त यंत्रावर ठरवल्या आणि सैल गोष्टी वरच्या यंत्रांवर मोकळ्या सोडल्या, तर पीसीवाल्याचं काहीच जात नाही.

हे कितपत लागू पडेल ते गेमच्या जातीवर आहे. पत्त्यांचा, बुद्धिबळाचा किंवा टूडी कोड्यांचा गेम असता तर यातलं बरंचसं वाचायचीही गरज नव्हती. ऑनलाइन नेमबाजी असती तर माझं उत्तर याहून कडक असतं. तुमचा गेम अधेमधे पडतो, आणि स्टेल्थमध्ये पक्क्या गोष्टी जरा जास्तच असतात.

जगातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. २०१६ चा डूम हा नेमबाजीचा गेम २०१७ मध्ये स्विचवर आला. रिझोल्यूशन उतरवलं, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) ६० वरून ३० केला, आणि तरी खेळताना तो तोच गेम राहिला, कारण जे कापलं ते सैल होतं. बाल्डर्स गेट ३ पीसीवर ऑगस्ट २०२३ मध्ये आला, पण एक्सबॉक्सवर यायला डिसेंबर उजाडला. अडलं ते एक्सबॉक्सच्या कमी ताकदीच्या सिरीज एस मॉडेलवर, एकाच स्क्रीनवर दोघांनी खेळायच्या सोयीत. सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी आहे, सिरीज एसमध्ये १०. दोन खेळाडू जगाच्या दोन टोकांना गेले की दोन्ही टोकं मेमरीत लागतात. पिक्सेल कमी करून हे सुटत नाही. शेवटी सिरीज एसवर ती सोय वगळूनच गेम काढावा लागला, आणि ती आली २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये. इतकी मोठी टीम असूनही पक्क्या गोष्टीने अडवलंच.

आता तुमच्या गेमकडे येऊ. सेकंदाला ६० फ्रेम काढायच्या तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.६ मिलिसेकंद मिळतात, ३० फ्रेमला ३३.३. फोनवर हे सगळे ३३ वापरायचे नाहीत. फोनला पंखा नसतो. पूर्ण ताकदीने चालवला की थोड्या वेळाने तापतो आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. म्हणून ३० फ्रेमसाठी मी २२ मिलिसेकंदांचंच बजेट धरतो. तपासणी गेम सुरू केल्याकेल्या करू नका. सलग अर्धा तास खेळा आणि विसाव्या मिनिटानंतरचे आकडे लिहा. त्यातही एप्रिल-मेच्या दुपारी, पंख्याखाली न बसता एकदा करा, कारण तुमचे खेळाडू तसेच बसून खेळणार आहेत.

सगळ्यात जास्त गोंधळ फ्रेम रेट आणि हालचाल यांच्या नात्यात होतो, म्हणून इथे जरा थांबतो. समजा उडीचा सुरुवातीचा वेग सेकंदाला ८ मीटर आहे आणि गुरुत्व २०. कागदावर उंची येते १.६ मीटर. बहुतेक जण अपडेटमध्ये (युनिटी दर फ्रेमला चालवते ते फंक्शन) दर फ्रेमला आधी वेग कमी करतात, मग त्या वेगाने जागा बदलतात. या पद्धतीत ६० फ्रेमला उंची भरते १.५३ मीटर आणि ३० फ्रेमला १.४७. डेल्टाटाइमने (मागच्या फ्रेमला लागलेल्या वेळाने) गुणलेलं असूनही हे होतं, कारण फ्रेम मोठी झाली की चूकही मोठी होते. तटाची कड १.५ मीटरवर ठेवली असेल तर पीसीवर नजरबाज चढून जातो आणि फोनवर तीच उडी दोन बोटं कमी पडते. टेस्टर सांगतो, ‘फोनवर कंट्रोल नीट नाहीत.’ मग टीम आठवडाभर टच बटणं सरकवत बसते. बटणांचा काही दोष नसतो.

उपाय असा. नजरबाजाची सगळी हालचाल फिक्स्डअपडेटमध्ये (ठरावीक वेळाने चालणारं फंक्शन) न्या. युनिटीत त्याचा मूळ हप्ता ०.०२ सेकंद असतो, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, यंत्र कुठलंही असो. बटण दाबलं की नाही हे मात्र अपडेटमध्येच वाचा, एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि पुढच्या फिक्स्डअपडेटमध्ये वापरून पुसा. थेट फिक्स्डअपडेटमध्ये वाचलं तर ६० फ्रेमच्या यंत्रावर काही दाबणी हरवतात, कारण काही फ्रेममध्ये फिक्स्डअपडेट चालतच नाही. रिजिडबॉडी (वस्तूला फिजिक्स लावणारा घटक) असेल तर त्याचं इंटरपोलेशन (दोन हप्त्यांमधली हालचाल भरून काढणं) चालू करा, नाहीतर कॅमेरा थरथरतो. आणि टाइमच्या सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम अलाउड टाइमस्टेप’ मूळ ०.३३ असतो, तो ०.१ च्या आसपास आणा. नाहीतर मंद फोनवर एक फ्रेम अडकली की पुढच्या फ्रेममध्ये फिजिक्स सोळा वेळा चालतं आणि गेम आणखी अडकतो.

हे फक्त लहान टीमचं दुखणं नाही. डार्क सोल्स २ च्या पीसी आवृत्तीत ६० फ्रेमला शस्त्रं ३० फ्रेमच्या जवळपास दुप्पट वेगाने झिजत होती, कारण झीज फ्रेमवर मोजली जात होती. तिथे सोसावं लागलं ते ताकदवान यंत्रावर खेळणाऱ्यांना, हे लक्षात घ्या.

पहारेकऱ्यांचंही असंच. प्रत्येकाची नजर आठ रेकास्टनी (सरळ रेषेत काय आडवं येतं ते बघणारी तपासणी) तपासली आणि वीस पहारेकरी असले, तर ६० फ्रेमला सेकंदाला ९,६०० रेकास्ट होतात. फोन इथेच गुडघे टेकतो. मग सोपा मार्ग म्हणून फोनवर पहारेकरी वीसचे बारा केले जातात, आणि फोनवरचा गेम वेगळाच, सोपा गेम होऊन बसतो. त्याऐवजी सगळ्या यंत्रांवर नजर सेकंदाला दहाच वेळा तपासा, आणि वीस जण वेगवेगळ्या फ्रेममध्ये वाटून द्या. रेकास्ट १,६०० वर येतात. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा उशीर खेळाडूला जाणवत नाही, कारण पहारेकऱ्याला ‘कोण आहे रे तिकडं?’ म्हणायलाच त्याहून जास्त वेळ द्यायचा असतो. पीसीला परवडतं म्हणून तिथे दर फ्रेमला तपासू नका. तसं केलं तर दोन ठिकाणी दोन वेगळे पहारे तयार होतील आणि तुम्हाला काठिण्य दोनदा जुळवावं लागेल.

कासचं पठार हा तुमच्या गेमचा सगळ्यात सुंदर भाग होईल आणि सगळ्यात महागही. तेरडा, सोनकी यांचे ताटवे करताना सरधोपट पद्धत म्हणजे चौकोनी पत्र्यावर फुलाचं चित्र आणि भोवतालचा भाग अल्फाने (पारदर्शकतेने) कापलेला. पीसीच्या ग्राफिक्स कार्डला हे चालून जातं. फोनमधले माली, अॅड्रिनो हे जीपीयू (ग्राफिक्स चिप) चित्र छोट्या टाइल करून काढतात. मागचं झाकलेलं आधीच गाळून टाकणं ही त्यांची मोठी बचत, आणि अल्फा कटआउट नेमकी तीच मोडतं, कारण पिक्सेल राहणार की जाणार हे शेडर (पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) चालल्याशिवाय कळत नाही. एकामागे एक दहा पत्रे आले की तोच पिक्सेल दहादा रंगतो. म्हणून जवळच्या फुलांचा आकार खऱ्या मेशने (त्रिकोणांच्या जाळीने) कापा. एका झुपक्याला आठ-दहा त्रिकोण पुरतात, रिकामी जागा जवळपास उरत नाही आणि मटेरियल पूर्ण अपारदर्शक ठेवता येतं. पंचवीस-तीस मीटरच्या पलीकडे फुलं काढूच नका, जमिनीच्या टेक्स्चरमध्येच रंग मिसळा. पीसीवर हेच अंतर शंभर मीटर करा, दाटी तिप्पट करा. फुलं सैल आहेत.

कारवी सैल नाही. तुमच्या गेममध्ये नजरबाज कारवीच्या झुडपात लपणार असेल, तर ती झुडपं हा नियम झाला, सजावट राहिली नाही. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘गवताची दाटी’ कमी केली आणि कारवी विरळ झाली, तर कमी सेटिंगवाल्याला पहारेकरी आरपार दिसेल आणि त्याचं स्वतःचं लपणं मात्र खोटं वाटेल. हा दोष पीसीवरही येतो, तेव्हा फक्त फोनवर ढकलू नका. लपायची जागा अदृश्य व्हॉल्यूमने ठरवा, त्यातल्या झुडपांना दाटीच्या सेटिंगमधून वगळा, आणि लपल्यावर पडद्यावर एक ठळक खूण द्या. अंधाराचंही तसंच: ‘सावलीत आहे म्हणजे सुरक्षित’ हा नियम नुसत्या पडद्याच्या काळोखावर सोडला, तर दुपारी बसस्टँडवर फोन उघडणाऱ्याला काही दिसणारच नाही. उजेडाचं छोटं चिन्ह ठेवा. पीसीवर ज्याचा मॉनिटर धड नाही, त्यालाही ते उपयोगी पडेल.

मेमरीबद्दल थोडक्यात. २०४८ बाय २०४८ चं एक टेक्स्चर न दाबता १६ एमबी खातं. पीसीवर बीसी७ या दाबायच्या फॉरमॅटमध्ये ते ४ एमबी होतं, फोनवर एएसटीसी फॉरमॅटच्या ६×६ मध्ये (आकडे मोठे तितकं जास्त दाबलेलं) १.८ एमबीच्या आत बसतं, वर मिपमॅपचा (लांबून दिसायच्या लहान प्रतींचा) एक तृतीयांश. फोन तो फॉरमॅट ओळखत नसेल तर युनिटी ते उलगडून पुन्हा १६ एमबी करते, आणि अशाच जुन्या फोनवर मेमरी सगळ्यात कमी असते. तुमचा गेम रात्रीचा आहे, म्हणून एक खास सूचना: चांदण्याच्या आकाशाला आणि धुक्याच्या उतरत्या छटांना ८×८ लावू नका, काळ्या-निळ्यात चौकोनी डाग उठतात. तिथे ४×४ द्या आणि दगडी तटांवर वाचवा, दगडाला ८×८ ही चालतं. ४ जीबीच्या फोनवर माझी कमाल मर्यादा एकूण १ जीबी असते. स्विचमध्येही सगळी मिळून ४ जीबीच आहे, त्यामुळे हे काम दोन्हीकडे उपयोगी पडतं.

कंट्रोलचं डिझाइन कागदावर सुरू करा. नजरबाजाच्या सगळ्या कृती लिहून काढा: चालणं, पळणं, दबकणं, उडी, चढणं, खडा फेकणं, मागून पकडणं, दुर्बिणीसारखं दूर बघणं. फोनवर डाव्या अंगठ्याला एक स्टिक आणि उजव्याला तीन, फार तर चार बटणं. त्यापलीकडे अंगठा पडदा झाकतो. मग पळणं आणि दबकणं स्टिक किती ढकलली त्यावर न्या, चढणं-पकडणं एकाच संदर्भानुसार बदलणाऱ्या बटणावर आणा. इथे एक धोका आहे. हेच सगळं तसंच्या तसं पीसीवर नेलं की कीबोर्डवाल्याच्या हाती तीन बटणांचा गेम येतो आणि नेमकेपणा जातो. गेमच्या आत कृतींची यादी एकच ठेवा, पण त्या कृती कोणत्या बटणाने होतात हे प्रत्येक यंत्रावर वेगळं मांडा. युनिटीच्या नव्या इनपुट सिस्टीममध्ये अॅक्शन मॅप याचसाठी आहेत. पीसीवर बटणं बदलायची सोय द्याच. मेनूंनाही हेच लागू. २०११ च्या स्कायरिमचा मेनू टीव्ही आणि गेमपॅड धरून केलेला होता, आणि पीसीवाल्यांनी तो बदलणारा स्काययूआय हा मॉड (खेळाडूंनी केलेला बदल) डोक्यावर घेतला, यातच सगळं आलं.

मराठी मजकूर देणार असाल तर, आणि द्याच, टेक्स्टमेशप्रो या युनिटीच्या अक्षरं दाखवणाऱ्या साधनावर डोळे झाकून विसंबू नका. त्यात देवनागरीची जोडणी आपोआप होत नाही. ‘किल्ला’ची पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाते, ‘शक्ती’चं जोडाक्षर फुटून मध्ये हलन्त दिसतो. युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिटचा (मेनू-पडदे मांडायच्या साधनाचा) प्रगत टेक्स्ट जनरेटर आहे, तो ही जोडणी करतो. जुन्या आवृत्तीवर असाल तर प्लगइन शोधा किंवा ठरावीक मजकूर चित्र म्हणून द्या. टीव्हीवर १०८० रेषांना अक्षर २८ पिक्सेलच्या खाली नको. देवनागरीला मात्रा-उकारांची जागा लागते, म्हणून ओळींमधलं अंतरही वाढवा.

सेव्हचा नियम फोनच्या हिशोबाने ठरवा. फोन आला, गेम मागे गेला, अँड्रॉइडने मेमरीसाठी तो मारून टाकला, आणि ‘क्विट’चा संदेश कधी आलाच नाही, हे रोजचं आहे. ऑनअॅप्लिकेशनपॉजमध्ये (गेम मागे गेला की युनिटी हे फंक्शन चालवते) सेव्ह करा. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, पूर्ण झाली की नाव बदला, म्हणजे अर्धवट फाइलने जुना सेव्ह खराब होत नाही. स्विच झोपवून उठवला तरी हेच कामाला येतं, आणि वीज गेली की पीसीवालाही तुम्हाला दुवा देईल.

पीसी फुकटात होतो असं समजू नका. तिथे यंत्र एक नसतं. कन्सोलवर शेडर आधीच तयार करून देता येतात, पीसीवर प्रत्येक ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरसाठी ते तिथेच तयार होतात आणि पहिल्यांदा पाऊस पडला, पहिल्यांदा मशाल पेटली की गेम अडखळतो. शेडर व्हेरिएंट (एकाच शेडरचे वेगवेगळे प्रकार) कमी ठेवा आणि सुरुवातीच्या लोडिंगमध्येच ते तयार करून घ्या. २०१५ मध्ये बॅटमॅन: आर्खम नाइटची पीसी आवृत्ती जूनमध्ये विक्रीवरून काढावी लागली आणि ऑक्टोबरमध्ये परत आली. कन्सोलवर तोच गेम नीट चालत होता.

आणखी एक गोष्ट कोडपेक्षा जास्त नुकसान करते. पीसीवर पैसे देऊन आणि फोनवर फुकट-जाहिरातींसह, असा दुहेरी विचार असेल तर आत्ताच बोलून घ्या. दर तीन मिनिटांनी जाहिरात घालायची म्हटली की लेव्हल तीन मिनिटांत तुटावी लागते. पठारावरून तटापर्यंतचा सलग, श्वास रोखून धरायचा प्रवास त्यात टिकत नाही. माझं मत स्पष्ट आहे: फोनवर पहिला भाग फुकट द्या, पुढचा एकदाच विकत.

तिघांच्या टीमने तिन्हीवर एकाच दिवशी काढू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा राजी हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला आणि पीसी व बाकीच्या कन्सोलवर ऑक्टोबरमध्ये. टप्प्याने येण्यात काही कमीपणा नाही. तुमच्यासाठी मी असा क्रम लावेन. पहिले दोन महिने एकच लेव्हल, पण पीसी आणि फोन दोन्हींवर. फोन नवा घेऊ नका. पोवई नाक्याच्या एखाद्या मोबाइलच्या दुकानातून ४ जीबीचा, तीन-चार वर्षं वापरलेला घ्या. दर शुक्रवारी त्यावर बिल्ड टाका आणि विसाव्या मिनिटाचे मिलिसेकंद व मेमरी एका वहीत किंवा शीटमध्ये लिहा. एखाद्या आठवड्यात आकडा चार मिलिसेकंदांनी वाढला तर दोषी त्याच आठवड्याच्या कामात असतो आणि तासाभरात सापडतो. सहा महिन्यांनी शोधायला गेलात तर सापडणार नाही. ही लेव्हल दोन्हीकडे बसली की मग बाकीचा गेम पीसीवर पूर्ण करून स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) काढा. अँड्रॉइड त्यानंतर तीन-चार महिन्यांनी. स्विचसाठी निन्टेन्डोची परवानगी आणि डेव्हकिट (गेम बनवणाऱ्यांना मिळणारं खास यंत्र) लागतं आणि त्यांची तपासणी वेगळी होते. पीसीवरचा गेम दाखवून अर्ज करणं किंवा प्रकाशक गाठणं तेव्हा सोपं जातं.

खर्चाचा आणि वेळेचा हिशोबही त्यात धरा. स्टीमवर एका गेमचे १०० डॉलर, गूगल प्लेवर नोंदणीचे एकदाच २५ डॉलर. प्लेचं खातं नवं आणि वैयक्तिक असेल तर गेम सर्वांसाठी काढण्याआधी किमान १२ टेस्टरनी सलग १४ दिवस बंद चाचणीत राहावं लागतं. हे बारा जण घरातलेच आणि सारखेच फोन असलेले घेऊ नका. वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या वयाचे फोन असलेले शोधा. कॉलेजच्या वर्गातून हे सहज जमतं. अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या मेमरी पेजची यंत्रंही चालतात आणि नेटिव्ह लायब्ररी (प्रोसेसरसाठी थेट तयार केलेला कोड) त्यांवर चालणाऱ्या लागतात; १५ किंवा त्यापुढच्या आवृत्त्यांना लक्ष्य करणाऱ्या नव्या अॅपसाठी नोव्हेंबर २०२५ पासून प्लेने ते सक्तीचं केलंय. तेव्हा जुने प्लगइन आत्ताच तपासून ठेवा.

पहिल्या लेव्हलचे फोनवरचे आकडे आले की इथेच टाका: सीपीयूचे मिलिसेकंद, जीपीयूचे मिलिसेकंद आणि मेमरी, तिन्ही वेगवेगळे, फोनच्या मॉडेलसह. सीपीयू जास्त निघाला तर आधी पहारेकऱ्यांकडे बघू, जीपीयू निघाला तर कासच्या फुलांकडे.